अर्धा पूल पुनवेचा, अर्धा अष्टमीचा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली, त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं आणि समुद्रकाठी राहायची सवय आहे का, असं विचारलं. मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं तरी लोक कामं टाकून बघायला जात. समुद्र मी भूगोलाच्या पुस्तकातच पाहिला होता. तरीही मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर सुट्टीत गावी जाऊन चुलत्यांच्या गिरणीवर बसावं लागलं असतं.

काम असं होतं. परदेशातली एक संस्था तिकडच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांमध्ये पाठवायची. त्यांनी खेड्यात राहायचं, गावकऱ्यांच्या मदतीनं एखादं छोटं बांधकाम करायचं आणि परत जायचं, सगळं बिनपगारी. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याबरोबर इकडचा एक विद्यार्थी द्यायचा, म्हणजे त्याला भाषा कळेल, चालीरीती कळतील आणि तो आजारी पडणार नाही. आमच्या वाट्याला कुलाबा जिल्हा आला होता. आज त्याला रायगड म्हणतात.

पाहुण्याला मी पहिल्यांदा मुंबईच्या धक्क्यावर पाहिलं. तो उत्तर युरोपातला, माझ्यापेक्षा दीड वीत उंच, आणि त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच पुस्तकी होतं. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांशी अर्ज लिहिल्यासारखं बोलत होतो. रेवसच्या लाँचमध्ये बसल्यावर त्यानं मला विचारलं, की समुद्राबद्दल मला काही विशेष सूचना करायच्या आहेत का. मी म्हणालो, घाबरू नकोस, मी आहे. त्यानंतर अर्ध्या तासात मी लाँचच्या कडेला ओणवा झालो आणि रेवस येईपर्यंत पाहुणा माझं कपाळ धरून उभा होता.

रेवसहून एसटीनं अलिबाग, तिथून चौल, चौलच्या पुढे रेवदंड्याच्या बाजूला उतरून तासभर चाल. खाडीचा एक लहानसा फाटा आत शिरला होता आणि त्याच्या दोन काठांवर एकाच गावाच्या दोन वाड्या होत्या. अलीकडे कोळ्यांची, पलीकडे मिठागरं आणि भातशेती करणाऱ्यांची. मधलं पाणी चाळीसेक पावलं रुंद. ओहोटीला लोक कपडे गुडघ्याच्या वर खोचून चिखलातून जात. भरतीला होडी होती. ती होडी एक काकी चालवायची. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला होता आणि वर्षातून दोनदा यायचा. उरलेलं वर्ष होडी, घर आणि दोन्ही वाड्यांच्या बातम्या तिच्याच ताब्यात असत. आम्ही दोघं अलीकडच्या वाडीच्या शाळेत झोपणार आणि काकीकडे जेवणार, असं ठरलं होतं.

आम्ही बांधायचा होता या फाट्यावरचा पायपूल. खाली खांब, वर तुळया, त्यावर फळ्या. म्हणजे जिच्या हातचं आम्ही रोज जेवणार होतो, तिचीच होडी बंद करायला आम्ही आलो होतो. हे माझ्या पहिल्याच जेवणाला लक्षात आलं. काकीच्या ते आधीच लक्षात आलेलं असावं, पण तिनं पानात भात वाढताना हात आखडता घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉकचे साहेब आले. विकासाचे ब्लॉक नवेच निघाले होते आणि साहेबांना प्रत्येक कामात काहीतरी तत्त्व दिसायचं. त्यांनी आमचा नकाशा पाहिला आणि फाट्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, की दोघांनी एकाच काठावरून काम सुरू करणं बरोबर दिसणार नाही. हे दोन देशांचं काम आहे. पाहुण्यानं पलीकडच्या काठावरून सुरुवात करावी, मी अलीकडच्या, आणि दोन्ही देशांनी मध्यभागी भेटावं. तिथं हस्तांदोलन करावं. त्याचा फोटो निघेल. उद्घाटन वैशाखी पौर्णिमेला, कारण ती बुद्धाची पौर्णिमा आणि विषय शांततेचा. पाहुण्यानं मला हळूच विचारलं, की इकडे पूल असेच बांधतात का. इकडे पूल कसे बांधतात हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

दोन काठांवरून सुरू केलेला पूल मध्ये नीट मिळायचा तर दोन्हीकडची उंची एक हवी. त्यासाठी आमच्याकडे कॉलेजनं दिलेली डंपी लेव्हल होती. तिपाईवर बसवायची ही एक दुर्बीण. तिच्यातून पलीकडच्या काठावरची मोजपट्टी बघायची आणि उंची काढायची. त्या काळच्या या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. सर्व्हेच्या माणसाला त्याची सवय होते. वाड्यांना नव्हती.

पहिल्याच सकाळी पाहुणा दुर्बिणीतून बघत होता आणि पलीकडे मोजपट्टी धरायला तिकडच्या वाडीचे पंच स्वतः उभे राहिले होते. दुसऱ्या कुणाच्या हाती सरकारी वस्तू द्यायला ते तयार नव्हते. अलीकडच्या एकानं दुर्बिणीला डोळा लावायची परवानगी मागितली. पाहुण्यानं आनंदानं दिली. तो डोळा लावून मागच्याला म्हणाला, "पंच डोक्यावर उबा हाय." त्यानंतर अलीकडच्या वाडीची रांग लागली. प्रत्येक जण येऊन पंचांना उलटं बघून जात होता. पंचांचं धोतर खाली का येत नाही आणि टोपी का पडत नाही, यावर रांगेत गंभीर चर्चा चालली होती. पंचांना पलीकडून एवढंच दिसत होतं, की समोरची वाडी आपल्याला बघायला रांग लावून उभी आहे. म्हणून ते मोजपट्टी धरून आणखी ताठ उभे राहिले.

तेवढ्यात पंचांची बायको होडीतून सुकट घ्यायला अलीकडे आली आणि तिलाही कुणीतरी डोळा लावायला सांगितलं. ती बाई हसू लागली. काकीनं मला नंतर सांगितलं, की तिला हसताना कुणी लग्नाच्या दिवसापासून पाहिलं नव्हतं. ती हसत हसतच परत गेली आणि नवऱ्याच्या जवळ पोचल्यावर तिला पुन्हा हसू आलं.

संध्याकाळी पंच आले, दुर्बीण पेटीत घातली, पेटी खांद्यावर घेतली आणि आपल्या घरी नेऊन भाताच्या कणगीमागे ठेवली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मला एवढंच म्हणाले, की पूल बांधायला माणसं उलटी करायची गरज न्हाय. साहेबांना कळवावं तर ते आठ दिवसांनी येणार. पाहुणा म्हणाला, हरकत नाही, पाणी सगळीकडे सारख्याच पातळीवर असतं. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथं दोन्ही काठांवर एकेक खुंटी मारू, आणि दोघांनीही खुंटीपासून दोन फूट वर पुलाच्या फळ्या घेऊ. हा विचार इतका साधा आणि सुंदर होता, की मी त्याच्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती. पाहुणा दुपारी काकीबरोबर होडीतून पलीकडच्या काठाला गेला, पाण्याकडे बोट दाखवलं, मग हात वर वर नेऊन भुवया उंचावल्या. काकीला प्रश्न कळला. पाणी टेकलं होतं तिथं तिनं स्वतः वल्ह्यानं खुंटी ठोकून दिली.

अलीकडची खुंटी मीही त्याच दिवशी मारणार होतो. पण मी शाळेत आडवा होतो. पाहुण्याला आजारी पडू द्यायचं नाही, म्हणून मी कॉलेजमधून औषधांची एक पेटी आणली होती. पाहुणा काकीकडचे बोंबील, सुकट, तांदळाची भाकरी सगळं चवीनं खायचा आणि वर ताक मागायचा. मी जन्मात मासा खाल्ला नव्हता. काकीनं माझ्यासाठी मुद्दाम वेगळं केलेलं वांग्याचं कालवण तिसऱ्या दिवशी मला बाधलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी पेटीतली जवळजवळ सगळी औषधं एकट्यानं संपवली. पाहुणा सकाळ-संध्याकाळ माझ्या तब्येतीची टिपणं वहीत लिहायचा. संस्थेला रोजचा अहवाल पाठवायचा असे आणि त्यात स्थानिक सहकाऱ्याची प्रकृती असा एक रकाना होता.

आठव्या दिवशी मी उठून काठावर गेलो. संध्याकाळ होत होती, भरती आली होती. काकी होडी ओढत होती. मी तिला विचारलं, की काकी, भरतीचं पाणी कुठवर येतं. ती म्हणाली, "आज हितवर." मी तिथं खुंटी मारली आणि पाहुण्याला हाक मारून सांगितलं, की माझीही बाजू निश्चित झाली.

त्या दिवशी अष्टमी होती. काकीच्या बोलण्यातला 'आज' मी ऐकला, पण सोलापूरच्या कानांनी ऐकला.

दोन्ही वाड्यांनी श्रमदान जोरात केलं. ओहोटीला खांब रोवायचे, भरतीला काठावर बसून फळ्या तासायच्या. चौलहून एक वयस्क सुतार आला होता. तो बोलायचा कमी आणि मापं पाहिल्यावर दर वेळी एकदा माझ्याकडे, एकदा पलीकडे बघायचा. एकदा त्यानं मला विचारलं, की खांब इथंच कापू का. मी म्हटलं, खुंटीपासून मोजलेत, कापा. त्यानं पुन्हा विचारलं. मी जरा इंजिनिअरच्या आवाजात म्हटलं, कापा. त्यानं कापले.

मी खुंटी मारल्यापासून सातव्या दिवशी अमावस्या होती. दुपारी बाराच्या सुमाराला मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो आणि सहज माझ्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी दिसेना. आधी वाटलं, कुणीतरी उपटली. काठाशी गेलो, तेव्हा ती पाण्याखाली दिसली, पुरुषभर नाही, पण कमरेच्या वर पाणी होतं तिच्यावर. माझे कापलेले खांब तर पाण्यात पार बुडाले होते. पलीकडे पाहुण्याची खुंटी पाण्याला नेमकी टेकून उभी होती.

समुद्राचं पाणी पौर्णिमेला आणि अमावस्येला खूप चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. हे मला त्या दुपारी कुणीही न सांगता एका क्षणात कळलं. त्या काठावरच्या पाच वर्षांच्या मुलालाही हे माहीत होतं. पाहुण्याला माहीत नव्हतं, कारण तो ज्या समुद्राच्या काठी वाढला तिथं भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. तो हनुमान जयंतीच्या, म्हणजे पौर्णिमेच्या दुपारी विचारायला गेला तो निव्वळ योगायोगानं.

मी कुणालाच काही सांगितलं नाही. मी स्वतःशी नाना हिशेब मांडले. पाण्याखालचे खांब उपटायचे तर नवे खांब आणावे लागतील, आणि वेळ नव्हता. आणि मुख्य म्हणजे पाहुण्याला मी लाँचपासून सांगत आलो होतो, की घाबरू नकोस, मी आहे. मी एवढंच केलं, की पंचांकडे गेलो आणि दुर्बीण मागितली. दोन बाजूंत नेमका किती फरक आहे ते निदान मोजून बघावं म्हणून.

पंच म्हणाले, "कशाला पायजे?"

"असंच," मी म्हणालो.

"असंच पायजे असेल तर नको," ते म्हणाले आणि मला कणगीजवळ बसवून चहा दिला. पेटी माझ्या पाठीला टेकली होती. मी चहा पिऊन परत आलो.

पुढचे पंधरा दिवस मी जेवलो काय, झोपलो काय, मला आठवत नाही. फळ्या बसत गेल्या. दोन्ही बाजू मध्याकडे सरकत होत्या आणि पाहुण्याची बाजू माझ्यापेक्षा उंच आहे हे कुणालाही दिसत होतं. पण कुणी बोलत नव्हतं. जेवताना आम्ही दोघं पानाकडे बघत जेवायचो. काकी म्हणायची, लिंबू घ्या.

वैशाखी पौर्णिमा आली. साहेबांनी कार्यक्रम दुपारी बाराला ठेवला होता. मुंबईहून संस्थेच्या बाई आल्या. त्या पाहुण्याच्याच देशाकडच्या, वयस्क, डोक्यावर सुती टोपी, हातात वही. अलिबागहून फोटोवाला आला. दोन्ही वाड्यांनी आपापल्या काठावर झेंडूच्या माळा आणि आंब्याचे टाळे बांधले होते. माझ्या अर्ध्या पुलाचे टाळे साडेअकरापर्यंत दिसत होते. मग पाणी आलं.

बाराला माझ्या फळ्यांवर गुडघाभर पाणी होतं. पूल कुठं आहे ते दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या बांबूंवरूनच कळत होतं. साहेब काठावर आले, त्यांनी पुलाकडे पाहिलं, म्हणजे पूल जिथं असायला हवा होता तिथं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण त्याच्या आत बाईंनी सँडल काढून हातात घेतले, झगा जरा वर धरला आणि शांतपणे पाण्यात पाऊल टाकलं. इकडची पद्धतच असेल असं त्यांना वाटलं असावं. त्या पुढे गेल्यावर साहेबांना मागे राहणं शक्य नव्हतं. त्यांनी बूट काढले. मग मी, मग फोटोवाला, कॅमेरा डोक्यावर धरून. आम्ही चौघं एका ओळीत खाडीतून चालत निघालो. काठावरून पाहणाऱ्याला आम्ही पाण्यावरून चालतोय असं दिसत असणार.

मध्यावर पाहुणा उभा होता, आपल्या फळ्यांवर, कोरडा. माझ्या फळ्या संपत होत्या आणि त्याच्या सुरू होत होत्या तिथं जवळजवळ चार फुटांची भिंत होती. त्याचे बूट माझ्या छातीसमोर आले. साहेब हळू आवाजात म्हणाले, हस्तांदोलन. मी हात वर केला. पाहुण्यानं वाकून पाहिलं, हात पोचेना. शेवटी तो फळ्यांवर पालथा झोपला आणि त्यानं हात खाली सोडला. मी तो धरला. फोटोवाल्यानं आम्हाला तसंच थांबायला सांगितलं, कारण त्याचा पाय फळीवरून सटकत होता.

बाईंनी वहीतून मान वर केली आणि साहेबांना विचारलं, की पुलाची ही बाजू मुद्दाम खाली ठेवली आहे का. साहेबांनी क्षणभरही वाया घालवला नाही. ते म्हणाले, होय, ही भरतीला वाट देणारी रचना आहे. पाण्याला अडवायचं नाही, हे आमच्याकडचं धोरण आहे. बाईंनी ते लिहून घेतलं. मला सांगायचं होतं. खरोखर सांगायचं होतं. पण मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, माझा हात पाहुण्याच्या हातात होता आणि बाई माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या.

पाहुणे मंडळी गेल्यावर, पाणी उतरायला लागल्यावर, मी आणि पाहुणा त्याच्या उंच बाजूच्या टोकाला पाय सोडून बसलो. तिथं मी त्याला सगळं सांगितलं. अष्टमी, खुंटी, अमावस्येची दुपार. मी म्हणालो, की मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी लपवलं.

त्यानं खालच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटलं चूक माझी आहे."

त्यालाही फरक अमावस्येच्याच सुमाराला दिसला होता. पण त्यानं असा विचार केला, की मी या देशाचा, मला इथलं पाणी कळतं, तेव्हा माझी बाजू बरोबरच असणार. आपणच काकीच्या खुणा चुकीच्या समजलो. आपली बाजू उगाच चार फूट उंच झाली. तो आपल्या देशाची लाज राखायला पंधरा दिवस धडपडत होता. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर आपले खांब चार फूट खाली कापायला तो सुताराकडे करवत मागायला गेला होता. सुतारानं करवत दिली नाही, ती गोणपाटात गुंडाळून उशाखाली घेतली आणि तो झोपून गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाहुण्याला वाटलं, सुतार आपल्यावर रागावलाय.

ते ऐकून मला हसावं का रडावं ते कळेना. पाहुण्यालाच आधी हसू आलं, मग ते थांबेना, आणि मधेच त्याचे डोळे भरून आले. आपण हा पूल बांधायला एवढ्या लांबून आलो, असं तो दोन-तीनदा म्हणाला.

खाली काकी होडी घेऊन आली होती. आम्ही दोघं जेवायला आलो नाही म्हणून बघायला. मी तिला सरळ विचारलं, की तुम्हाला माहीत होतं, सुताराला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, मग कुणी बोललं का नाही.

काकी वल्हं फळीला टेकवून म्हणाली, "तू मना पानी कवर येतं ते इचारलंस. त्या दिशी येत व्हतं तवर सांगलं. आमाला वाटलं, इंजनेर हायेत, एक बाजू भांगाची करतात, एक उधानाची. दोन देश हायेत, दोन तऱ्हा असतील."

"आणि तुमची होडी?" मी विचारलं.

"होडीला काय झालं," ती म्हणाली.

आणि होडीला खरंच काही झालं नाही. निघायच्या आधीच्या चार दिवसांत सुतारानं त्या मधल्या भिंतीला पाच पायऱ्यांची शिडी ठोकली. भांगाच्या दिवसांत लोक अलीकडून चालत येऊन शिडी चढत आणि पलीकडे जात. उधाणाच्या दिवसांत काकी अलीकडच्या काठावरून माणसं होडीत घ्यायची, मध्यावर शिडीला होडी लावायची, तिथून ती माणसं वर चढून चालत पलीकडे जायची. म्हणजे आम्ही तिचं काम बंद केलं नाही, निम्मं केलं. शिवाय पाहुण्याच्या बाजूच्या टोकाला मचवे लावता येतात असं दोन्ही वाड्यांच्या लक्षात आलं आणि मिठाची पोती तिथूनच चढू लागली. लोकांनी नावंही पाडली. त्याचा पुनवेचा पूल आणि माझा अष्टमीचा. पाहुणा परत जाताना मी रेवसपर्यंत सोडायला गेलो. त्यानं मला आपली मापाची पट्टी दिली, मी त्याला पेटीत उरलेलं पोटाचं औषध, क्लोरोडाइन, दिलं. संस्थेनं पुढे दोघांनाही प्रशस्तिपत्रं पाठवली. माझ्या पत्रात भरतीला वाट देणाऱ्या रचनेचा उल्लेख होता. ते मी वडिलांना दाखवलं नाही.

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण शिक्षण संपल्यावर मी बांधकाम खात्यात लागलो आणि तीन-चार वर्षांनी माझी बदली अलिबागला झाली. तिथं एक दिवस टेबलावर त्याच गावाचा अर्ज आला. दोन्ही वाड्यांनी मिळून नवा पूल मागितला होता. अर्जावर वरच्या कचेरीचा शेरा होता, की पूल अस्तित्वात असल्याचं दिसतं, खुलासा व्हावा. सोबतच्या नमुन्यात प्रश्न होता: सध्या पुलाचा वापर होतो काय. उत्तराला दोन चौकोन, होय आणि नाही.

मी पाहणी करून आलो. काकीनंच मला अर्ध्यापर्यंत नेलं. तिचे केस पिकले होते, बाकी काही बदल नव्हता. कचेरीत येऊन मी दोन्ही चौकोनांत खूण केली. एकच उत्तर द्यावं, म्हणून कागद परत आला. या वेळी मी ठरवलं होतं, की या पुलाबद्दल जे खरं आहे तेच लिहायचं. मी चौकोन सोडून खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: भांग असताना वापर होतो, उधाण असताना अर्धाच होतो.

वरच्या कचेरीतला कारकून कोकणातला नसावा. त्यानं भांग या शब्दाखाली तांबडी रेघ मारली आणि कागद दारूबंदी खात्याकडे पाठवला.

दीड महिन्यानं एक जमादार सदर पुलावर भांगेच्या वापराची चौकशी करायला आला. वाटेत तो माझ्याकडे येऊन गेला. मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला लेखी हुकूम होता आणि त्याची तारीख योगायोगानं पौर्णिमेची पडली. पुढचं मला काकीनं सांगितलं. तिनं त्याला होडीत घेतलं, मध्यावर शिडीला लावलं, तो बुटांसकट वर चढला, पुनवेच्या पुलावरून पलीकडे गेला, पंचांनी त्याला कणगीजवळ बसवून चहा दिला. त्यानं दोन्ही वाड्यांत प्रत्येकाला विचारलं, की इथं भांग असते का. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, की व्हय, असते, पण आज न्हाय, आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी तो पुन्हा आला. त्या दिवशी तो माझ्या बाजूनं कोरड्या पायांनी चालत गेला. त्याचा अहवाल मी पाहिला. त्यात लिहिलं होतं, की समक्ष झडती घेतली, आक्षेपार्ह काही मिळालं नाही, मात्र पूल मध्येच चढतो.

नव्या पुलाची मंजुरी माझी बदली होऊन गेल्यावर आली. तो सिमेंटचा आहे आणि दोन्हीकडून एकाच उंचीचा आहे, असं ऐकलं. मी तो अजून पाहिलेला नाही.